तारीख नसलेला राजीनामा

आरक्षणाची सोडत सकाळी अकराला सुरू झाली आणि बाराच्या आत गणराजची चार वर्षांची दाढी वाया गेली. फ्लेक्सवर भारदस्त दिसावं म्हणून त्याने ती राखली होती. महापालिकेवर प्रशासक बसला, निवडणूक आज होईल, उद्या होईल करत लांबत गेली, तशी दाढीही लांबत गेली आणि चिखलीतल्या खांबाखांबावर ‘भावी नगरसेवक’ या अक्षरांच्या वर ऊनपाऊस खात राहिली. आता प्रभागातल्या चार जागांपैकी काटवड्यांची म्हणून सगळं गाव जी जागा धरून चाललं होतं, तीच महिलांसाठी राखीव निघाली. खुल्या जागेवर पक्षाने आधीच दुसऱ्याला शब्द दिलेला. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या नवरदेवाला सांगावं की लग्न आहे खरं, पण तुझं नाही, तशातली गत. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाश्ता उरकला तशी नानांनी घराची बैठक बोलावली. ज्योतीराम काटवडे म्हणजे नाना, गाव महापालिकेत जायच्या आधीचे सरपंच आणि नंतर तीन वेळचे नगरसेवक. खाली संपर्क कार्यालय, वर राहतं घर. वरच्या हॉलमध्ये खिडकीजवळची लाकडी खुर्ची त्यांची. समोरच्या सोफ्यावर दोन्ही मुलगे, गणराज आणि नवनाथ, मध्ये तिसरा माणूस बसेल इतकी जागा सोडून. दाराजवळच्या स्टुलावर चांदभाई. गल्लीत त्याचं गॅरेज, आणि नानांच्या प्रत्येक निवडणुकीत मतदारांच्या याद्या त्याच्या हातात. मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बैठकीत त्यांची जागा वर्षानुवर्षं तीच होती.

“विजयश्री हुबी ऱ्हाईल,” नाना म्हणाले. “पक्षाचा मानूस बुधवारी येतोय. त्याला नाव सांगायचंय.”

विजयश्री गणराजची बायको. ती खालून नुकतीच वर आली होती. रविवार असूनही कार्यालयात दोन बाया रेशनकार्डासाठी येऊन बसल्या होत्या. तिने पदर सारखा केला आणि उभीच राहिली.

गणराजला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचा रागही आला. आपली नाही तर बायकोची, म्हणजे घूमफिरके आपलीच. कागदावर तिचं नाव असेल, गाडीत पुढे आपण बसू. पुण्यात, पिंपरीत, सगळीकडे असंच तर चालतं. त्याने मनात फ्लेक्सची नवी मांडणी करून टाकली: मध्ये विजयश्री, वर नाना, बाजूला आपण, दाढी थोडी कमी करून.

“नाना, एक इचारू का?” नवनाथ म्हणाला. त्याचं शेडमध्ये फॅब्रिकेशनचं काम. चाकणच्या एका कंपनीला ब्रॅकेट पुरवायचा आणि दर आठवड्याला रिजेक्शनवरून भांडायचा, त्यामुळे आवाज नेहमी मशीनच्या वरचा. “दादा हुबा ऱ्हायला असता, तर मी तोंडातून शब्द काढला नसता. थोरला हाय, त्याचा मान हाय. पण आता बाईच हुबी करायची म्हणल्यावर घरात बाया दोन हायेत.”

“वर्षालीने कधी ऑफिसची पायरी चढली का?” गणराज म्हणाला. वर्षाली नवनाथची बायको.

“चढू दिली का कुणी?”

“अरे, प्रभागात चाळीस हजार मतं आहेत. ओळखणार कोण तिला?”

“तुला तरी कोण वळखतं दादा? खांबावरचा फोटो वळखत्यात. फोन वहिनीला करत्यात.”

हे खरं होतं आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. सात वर्षं ते कार्यालय विजयश्रीच चालवत होती. पाण्याचा टँकर, शाळेचा दाखला, पिंपरीच्या दवाखान्यात खाट, गल्लीतलं तुंबलेलं गटार, सगळं तिच्या फोनवर यायचं. दारावरच्या पाटीवर मात्र गणराजचं नाव होतं.

“भांडू नगा,” नाना म्हणाले. “दोघांचं समाधान व्हईल असं म्या करून ठिवलंय.”

त्यांनी खुर्चीच्या बाजूची प्लास्टिकची फाईल उघडली आणि एक टाईप केलेला कागद टीपॉयवर ठेवला. वकिलाकडून करून आणलेला. महापालिकेच्या सदस्यत्वाचा राजीनामा. खाली सहीसाठी रेघ, नाव विजयश्री गणराज काटवडे, आणि वर उजव्या कोपऱ्यात ‘दिनांक’ या शब्दापुढे मोकळी जागा.

“ह्याच्यावर सही करायची. कागद माझ्यापाशी ऱ्हाईल. घरानं ठरवलं त्याच्या भाईर गेली, नवनाथला डावललं, की तारीख टाकून दिली सोडून. मंग कुणाला कुणाची भीती न्हाई.”

नवनाथ पुढे वाकून कागद वाचत होता. वाचून झाल्यावर तो सोफ्यावर मागे टेकला. “मंग माझी हरकत न्हाई,” तो म्हणाला. गणराजनेही सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊबंदकीत एवढ्या स्वस्तात समझोता होत नाही, हे त्याला माहीत होतं.

“कर गं सही,” तो बायकोला म्हणाला. “फॉर्म्यालिटी आहे.”

विजयश्रीने कागद उचलला आणि उभ्याउभ्या वाचला. अंबाजोगाईकडून या घरात येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, बोलणं बरंचसं इकडचं झालं होतं. पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही बापाची सवय तिने सोडली नव्हती. बाप एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता आणि न वाचता केलेल्या एका सहीपायी त्याची नोकरी गेली होती. तिला भीती वाटली नाही, अपमान वाटला. कालपर्यंत ती या घराची कर्ती सून होती. आज तिच्याकडे तिच्याच वागण्याचा जामीन मागत होते.

“नाना,” ती म्हणाली, “इथं लिहिलंय, वैयक्तिक कारणास्तव. कोणतं कारण?”

“तशी पद्धत असती लिहायची.”

“तारीख कोण टाकणार?”

“टाकायची येळच येनार न्हाई.”

“मग कागद कशाला करायलात?”

नानांना सवाल-जवाबाची सवय होती, पण ती सभेत, घरात नाही. ते थोडं हसले. “पोरी, तुझ्यावर इश्वास हाय म्हनून तर तुझं नाव घेतलं. ह्यो कागद इश्वासाचा न्हाई, येवस्थेचा हाय. उद्या म्या नसलो तर ह्या दोघांनी एकमेकांची डोकी फोडायची का?”

“अगं, नाना इतकी वर्षं हेच करत आलेत,” गणराज म्हणाला. “सगळेच पक्ष करतात. तू उगाच फाटे फोडू नकोस.”

“नाना इतकी वर्षं कुणाकडून करून घेत आलेत?” विजयश्रीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिने विचारलं.

चांदभाईने मान खाली घातली आणि फरशीकडे पाहत राहिला.

मंजुळाबाईंनी सोललेल्या दाण्यांचं ताट बाजूला सारलं. त्यांना वाटलं होतं की आपण बोलणार नाही. सकाळी तो कागद फाईलमध्ये जाताना त्यांनी पाहिला होता आणि देवघरात जाऊन स्वतःला बजावलंही होतं, की मंजुळा, आता तुझं वय झालं, तुला काय करायचंय. पण सुनेने तो प्रश्न अगदी साधेपणाने विचारला, आणि सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवर झाकण ठेवलं होतं तिच्याकडे आपोआप हात गेला.

“माझ्याकडनं,” त्या म्हणाल्या.

दोन्ही मुलांनी वळून पाहिलं. गाव महापालिकेत गेलं तेव्हा पहिल्याच निवडणुकीत जागा बाईची निघाली आणि आई पाच वर्षं नगरसेविका होती, हे त्यांना माहीत होतंच. हॉलमध्ये त्या वेळचा फोटोही होता: आई शाल-श्रीफळ घेऊन उभी, शेजारी नाना हसत. कारभार नानांनीच पाहिला, आई गप्पच असायची. आईचा स्वभावच तसा, असं त्यांनी धरलं होतं.

“आगं, ते जुनं कशाला काढती?” नाना म्हणाले.

“तुमी नवा काढलाय म्हनून.” मंजुळाबाईंचा आवाज चढला नाही. त्या सुनेकडे बघून बोलत होत्या. “अशीच बैठक व्हती बघ. तवा जुन्या घरात. म्या चौथी शिकलेली. ह्यांनी कागद ठिवला, म्या सही केली. कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर केल्या, त्यातच ह्योबी. वाचला न्हाई. दोन वरसं मजेत गेली. सभेला जायाचं, चहा प्यायचा, हात वर करायचा. मंग बाजाराच्या जागेचं निघालं.”

“मंजुळे,” नाना म्हणाले.

“बोलू द्या नाना त्यांना,” चांदभाई स्टुलावरून हळूच म्हणाला. तीस वर्षांत त्याने या घरात नानांना अडवल्याचं हे पहिलंच.

“आठवडी बाजाराला बाया लांबलांबनं भाजी घिऊन यायच्या. पहाटं पाचपासनं दिवस मावळंस्तवर बसायच्या आन् पानी प्यायच्या न्हाईत. पानी प्यालं तर जायाचं कुठं? बाजाराशेजारी मोकळा तुकडा व्हता. तिथं बायांसाठी संडास बांधावं, असं म्या सभेत हुबी ऱ्हाऊन बोलले. कागद नव्हता हातात, तोंडानं बोलले. बोलून बसले तवा शेजारच्या बाईनं माझा हात दाबला.” तो हात त्यांना अजून आठवत होता. “ह्यांनी त्यो तुकडा तालमीला कबूल केला व्हता. मला ठावं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवायला वाढलं, तर ह्यांनी माझ्या ताटाशेजारी त्यो कागद आणून ठिवला. एक शब्द बोलले न्हाईत. जेवले आन् कागद उचलून गेले.”

“वापरला का म्या त्यो?” नाना म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “सांग की पोरांना. कधी तारीख टाकली का?”

“टाकायची गरजच पडली न्हाई. म्या तवाच राजीनामा दिला व्हता. ऱ्हायलेली तीन वरसं नुसती खुर्ची भरली.”

नवनाथने मोबाईल उलटा करून टीपॉयवर ठेवला. ती तालीम त्याने पाहिली होती. लहानपणी तिथेच तो दंडबैठका मारायला जायचा, आणि आई कधीही त्याला तिथे सोडायला आली नव्हती. कारण विचारावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

नानांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि आपण वाईट केलं असंही त्यांना वाटत नव्हतं. “तुमाला काय कळायचं,” ते म्हणाले. “तवा गावात काय व्हतं? जमिनी कंपन्यांना गेलेल्या, पोरं रिकामी, भाईरची मानसं ढिगानं आलेली. गाव म्हनून काय ऱ्हायलं न्हवतं. एक खुर्ची व्हती आपल्या हातात. ती घरात ऱ्हावी म्हनून म्या धडपडलो. घर फुटलं असतं तर खुर्ची गेली असती. कागदानं घर बांधून ठिवलं.”

“खुर्ची लोकांची असते ना नाना?” विजयश्री म्हणाली.

“म्हनायला.”

ते इतक्या सहज म्हणाले की कुणाला हसूही आलं नाही. विजयश्रीने कागद होता तसा टीपॉयवर परत ठेवला. तिच्या मनात गोंधळ नव्हता. दुःख मात्र होतं, कारण तिला उभं राहायचं होतं. खूप उभं राहायचं होतं. सात वर्षं लोकांची कामं घेऊन ती दुसऱ्यांच्या केबिनबाहेर ताटकळली होती, आणि एकदा तरी आत बसून बोलावं, ही इच्छा तिने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

“मी उमेदवारीच्या अर्जावर सही करते,” ती म्हणाली. “ह्याच्यावर नाही करणार.”

“मंग उमेदवारी न्हाई,” नाना म्हणाले. “नवनाथ, वर्षालीला बोलाव.”

गणराज उठून उभा राहिला. “नाना, असं कसं? लगेच?” मग तो बायकोकडे वळला. “अगं, कर ना सही. मी आहे ना. मी बघतो तो कागद कोण वापरतं ते.”

“तुम्ही काय कराल?” तिने विचारलं. रागाने नाही. चाळिशी उलटलेला माणूस, वडिलांनी बस म्हटलं की बसतो आणि ऊठ म्हटलं की उठतो, हे त्याला स्वतःलाच दिसलं. तो परत बसला.

वर्षाली आतून हात पुसत आली. नवनाथने कागदावरचं विजयश्रीचं नाव खोडून वर्षालीचं लिहिलं, सही कुठे करायची ते बोटाने सांगितलं. तिने पेन घेतलं.

“आधी वाच तरी,” विजयश्री म्हणाली.

“वाचून काय करू ताई?” वर्षाली म्हणाली. “वाचलं तर तुमच्यासारखा प्रश्न पडंल. मग ह्या घरात दोघींनी कुठं जायचं?” आणि तिने सही केली. सही करताना तिचे डोळे भरून आले होते. तिने पेन टोपण लावून नवनाथला परत दिलं आणि आत गेली.

मंजुळाबाईंनी शेंगांची टरफलं गोळा केली. एक बाई कमी झाली आणि दुसरी आली, इतकंच घडलं होतं. घराण्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं.

“मी अपक्ष अर्ज भरते,” विजयश्री म्हणाली.

या वेळी मात्र नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “याच घरातनं?”

“घर सोडायला सांगत असाल तर सोडते. अर्ज भरणारच.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “अर्जाला सूचक लागतो, प्रभागातला मतदार. तुम्ही सही कराल?”

गणराज दाढीवरून हात फिरवत राहिला. “विचार करू दे मला,” तो म्हणाला. तिला नकार अपेक्षित होता, त्यामुळे एवढंही तिला बरं वाटलं, आणि एवढ्यावर बरं वाटतंय याचं वाईटही वाटलं.

“सूचक म्या व्हईन,” चांदभाई म्हणाला आणि स्टुलावरून उठला.

“चांद, तू?”

“नाना, तुमच्यासाठी तीस वर्सं गल्लोगल्ली फिरलो. दर वेळी सांगावं लागायचं, नानाला मत द्या, नाना आपला मानूस हाय. ह्या पोरीसाठी सांगावं लागनार न्हाई. माझ्या लेकीला, कनीजला, रात्रीतनं दवाखान्यात घेऊन गेली ती हीच. तुमी तवा मुंबईला तिकिटासाठी गेलेला.” त्याने चपला पायात सरकवल्या. “तुमचा हात म्या सोडला न्हाई. पन त्या कागदाला माझा हात लावनार न्हाई. मला ठावं व्हता त्यो पयला कागद. वकिलाकडनं म्याच आनला व्हता.”

तो जिना उतरून गेला. त्याच्यामागोमाग विजयश्रीही खाली गेली. रेशनकार्डवाल्या बाया अजून बसल्या होत्या.

बैठक मोडली. नवनाथ शेडवर गेला. गणराज गच्चीवर जाऊन एकटाच उभा राहिला.

दुपारी मंजुळाबाईंनी नानांना एकट्यालाच वाढलं. पावट्याची आमटी, भाकरी, कांदा. नाना जेवत होते, पण त्यांचं लक्ष डाव्या हाताच्या बोटांवर होतं. निवडणूक आली की त्यांची हीच रीत. आधी घर मोजायचं, मग भावकी, मग आळी, मग प्रभाग. घरची मतं पक्की असली की माणूस छाती काढून बाहेर पडतो, असं ते म्हणायचे. आजवर घर मोजायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. आपण, मंजुळा, पोरं, सुना, की झालं.

त्यांनी नवनाथ धरला, वर्षाली धरली. विजयश्रीवर बोट उघडं ठेवलं. गणराजचं बोट मिटलं, पुन्हा उघडलं, आणि अर्धवट वाकवून तसंच राहू दिलं. स्वतःचं मत बोटावर धरायची गरज नव्हती. आणि मंजुळाबाईंचं बोट मिटताना ते थांबले.

मतदानाच्या दिवशी ते तिला स्वतः केंद्रावर घेऊन जायचे. चिन्ह कुठलं ते घरातच सांगायचे. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. विचारायचा असतो हेही त्यांना माहीत नव्हतं.

“मंजुळे,” ते म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता, नव्याने शिकल्यासारखा अवघडलेपणा होता. “घरातनंच दोघी हुब्या ऱ्हायल्या तर… तुजं मत कुनाला?”

मंजुळाबाईंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. भाकरी संपत आली होती.

“ते गुप्त असतंय,” त्या म्हणाल्या. “भात वाढू का?”